कोटाचं पुढे काय झालं

एमआरआय विभागात तिला सगळे मिलिमीटर म्हणत, आणि तिला त्यात वावगं काही वाटत नसे. मान किती वळवायची, उशी किती सरकवायची, कोणत्या कोनातून काप घ्यायचे, यात तिचा हात धरणारं त्या इमारतीत कोणी नव्हतं. बोलण्याचं मात्र तिला वावडं होतं. एकोणीस वर्षं तिने पेशंटशी तीन वाक्यांत संसार केला होता: झोपा, हलू नका, झालं. तिचे फोटो आरशासारखे लख्ख येत आणि पेशंट मात्र कोणीतरी रागावल्यासारखे बाहेर पडत.

मग विभागप्रमुख दोन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले. विषय होता पेशंटशी संवाद आणि भावनिक काळजी. आल्या आल्या त्यांनी चौदा वाक्यांचं एक कार्ड छापून घेतलं, त्याला जाडजूड प्लास्टिक चढवलं आणि प्रत्येकाच्या हाती एकेक दिलं. ही वाक्यं रोज, प्रत्येक पेशंटला, मनापासून म्हणायची होती. मिलिमीटर ती म्हणू लागली. पण तिच्या तोंडून "तुमच्या मनात काय चाललंय ते मी समजू शकते" हे वाक्य मशीनचा अनुक्रमांक वाचावा तसं येई. पहिल्याच आठवड्यात पोटाच्या तपासणीला आलेल्या एका गृहस्थांनी तिची पहिली पाच वाक्यं ऐकली, डोळे पुसले आणि खरं काय ते सांगून टाका, घरी मृत्युपत्र करायचं राहिलंय, असं म्हणाले. त्यांना निघाला पित्ताशयातला खडा.

अशा दिवसांत टेलरमास्तर तिसऱ्यांदा आले.

मास्तरांचं दुकान बाजाराच्या कोपऱ्यावर होतं. पाटीवर त्यांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'तिहेरी शिलाई' असं लिहिलेलं, आणि त्याखाली 'उसवली तर जन्मभर मोफत'. गावातल्या निम्म्या माणसांच्या अंगावर त्यांचे कोट होते आणि ते कोट माणसांपेक्षा जास्त टिकत होते. पण गेले चार महिने मास्तरांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं बधिर झाली होती. परवा तर मशीनची सुई बोटातून आरपार गेली आणि त्यांना पत्ता नव्हता. शर्टाच्या पांढऱ्या कॉलरवर लाल डाग दिसला तेव्हा कुठे कळलं. मानेत कुठेतरी नस दबलीय एवढं सर्जनला समजलं होतं. नेमकी कुठे आणि किती, हे फोटोशिवाय समजणार नव्हतं. आज मंगळवार. आज फोटो मिळाले तर गुरुवारी ऑपरेशन. शुक्रवारपासून सर्जन दोन महिने रजेवर. आणि दोन महिने तग धरायची त्या बोटांची तयारी दिसत नव्हती.

अडचण एवढीच होती की मास्तरांना मशीनच्या त्या अरुंद बोगद्यात पडून राहता येत नसे. पहिल्या वेळी अर्धा तास त्यांच्या कपड्यांतल्या टाचण्या शोधण्यातच गेला, कारण चुंबकाच्या खोलीत टाचणीसुद्धा चालत नाही आणि टेलरच्या अंगावर टाचण्या कुठे कुठे असतात ते टेलरलाही माहीत नसतं. कॉलरच्या दुमडीत तीन, बाहीत दोन, एक पँटच्या शिवणीत. त्या काढून झाल्यावर मास्तर झोपले, चेहऱ्यावर मानेचा तो प्लास्टिकचा पिंजरा बसला, टेबल निम्मं आत गेलं आणि त्यांनी हातातला रबरी फुगा दाबला. तो फुगा दाबला की बाहेर घंटी वाजते; मग काहीही चालू असो, पेशंटला बाहेर काढायचं. दुसऱ्या वेळी ते चाळीस सेकंद टिकले. झोपेचं औषध द्यावं म्हटलं तर घोरता घोरता मास्तरांचा श्वासच अडकायचा, त्यामुळे ऑपरेशनासारखी श्वासाची नळी घातल्याशिवाय ते द्यायला भूलतज्ज्ञ तयार नव्हते.

आज त्यांच्याबरोबर त्यांची बायको होती आणि बायकोची धाकटी बहीणही. मास्तरांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, गुडघ्यात धातूची पट्टी बसवलेली, तिचे कागद सापडत नव्हते, म्हणून त्यांना मशीनच्या खोलीत नेता येईना. कार्डावरचं नववं वाक्य नातेवाइकांना जवळ ठेवण्याबद्दल होतं. तेव्हा मिलिमीटरने दोघींना काचेपलीकडच्या तिच्या खोलीत, संगणकाच्या मागे दोन खुर्च्यांवर बसवलं आणि मास्तरांच्या पिंजऱ्यावरचा छोटा आरसा असा वळवला की झोपल्या झोपल्या त्यांना काचेतून बायको दिसावी.

मास्तर दवाखान्याच्या झग्यात बसले होते आणि झग्याची शिवण उलटी करून बघत होते. "ही शिलाई कोणी घातलीय? माणूस शिंकला तर सुटेल," ते म्हणाले. मिलिमीटरने खिशातून कार्ड काढलं. दुसरं वाक्य होईपर्यंत मास्तरांनी ऐकून घेतलं, मग हात जोडले. "मॅडम, एक विनंती आहे. तुम्ही वाचू नका. तुम्ही वाचायला लागलात की वाटतं, आपल्यातलं कोणीतरी गेलं."

मिलिमीटरने कार्ड मिटल्यासारखं उलटं केलं. त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला, मुठीत फुगा दिला, पिंजरा बसवला आणि टेबल आत सरकवलं. मग आपल्या खोलीत येऊन खुर्चीत बसली, कार्ड समोर टेकवून ठेवलं आणि अर्ध्या मिनिटाचा पहिला आराखडा घेतला. त्यानंतर खरे पाच फोटो घ्यायचे होते, प्रत्येक तीन ते पाच मिनिटांचा, आणि त्यात मान केसभरही हलायला नको होती. ती घंटीची वाट बघत बसली. तिच्या हिशेबाने घंटी अजून पंचवीस सेकंदांत वाजायला हरकत नव्हती.

मागे खुर्चीवर काकू पदराला गाठी मारत होत्या आणि सोडत होत्या. धाकटीला शांतता सोसत नसे; पंधरा सेकंद कोणी बोललं नाही तर तिला आजारी पडल्यासारखं व्हायचं. बहिणीचं मन रमवायला तिने जुन्या गोष्टी काढल्या. वडिलांचा तो तपकिरी कोट ताईला आठवतो का, तिने विचारलं. कोपऱ्यावर नवा टेलर आलाय म्हणून ताईच कोट घेऊन गेली होती, बाह्या सैल करायला. टेलर मान खाली घालून बसायचा, वर बघायचाच नाही. कोट घरी आला, बाबांनी घालून बघितला, खूश झाले. "आणि त्याच संध्याकाळी, ताई, तू काय केलंस—"

इथे मिलिमीटरने पहिला फोटो सुरू केला आणि मशीन धडाधड ठोकू लागलं. काकूंनी बहिणीला जोरात चिमटा काढला, म्हणून पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

तीन मिनिटं झाली. मशीन थांबलं. त्याच क्षणी घंटी वाजली.

काकूंनी डोळे मिटून घेतले. मिलिमीटर उठलीच होती, तेवढ्यात स्पीकरमधून मास्तरांचा आवाज आला.

"मग कोटाचं पुढे काय झालं?"

मास्तर पुढे म्हणाले की नेमक्या मोक्याच्या ठिकाणी ते ठोकायचं सुरू झालं आणि काही ऐकूच आलं नाही. त्या संध्याकाळचं काय? त्यांच्या माहितीप्रमाणे कोट दुसऱ्या दिवशी परत आला होता.

मिलिमीटरने खाली बघितलं. कार्ड घसरत घसरत येऊन माइकच्या बटणावर बसलं होतं, आणि ते बटण कडेने दाबलं गेलं की दाबलेलंच राही. भावनिक काळजीची चौदा वाक्यं सगळा भार देऊन त्याच्यावर रेलली होती. बहिणीचा शब्द न् शब्द बोगद्यात गेला होता. तिने कार्ड उचललं, माइक बंद केला, मागे वळली आणि काकूंना सरळ सांगितलं की त्यांचं बोलणं आत ऐकू जात होतं, चूक तिची आहे, तिने तपासायला हवं होतं.

"किती ऐकलं त्यांनी?" काकूंचा रंग उडाला होता.

"कोट घरी येईपर्यंत."

काकूंनी सुटकेचा श्वास सोडला आणि मग तो पुन्हा घेतला, कारण मिलिमीटरने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर मास्तरांची मान होती. मणके एकाखाली एक, धारदार, कुठेही धुरकट नाही. तीन मिनिटं मास्तर दगडासारखे पडून होते.

मिलिमीटरला विचार करायला फार वेळ लागला नाही. दोनदा शांतता होती, दोनदा ते पळाले. एकदा गोष्ट होती, ते टिकले. तीन वेळांचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण तिच्याकडे तेवढाच होता. तिने काकूंना विचारलं, उरलेली गोष्ट चार तुकड्यांत सांगता येईल का. मधे मधे तीन-चार मिनिटं थांबायचं आणि थांबायचं ते अशा जागी, की माणूस पुढचं ऐकायला पडून राहील. माइक आता सगळ्यांच्या माहितीने चालू असेल. नको असेल तर नको.

काकू म्हणाल्या, पुढचं ऐकलं तर माझा संसार मोडेल.

"एकतीस वर्षं झाली, ताई. मोडायचाच असता तर भाऊजींच्या घोरण्यानेच मोडला असता," धाकटी म्हणाली.

काकूंनी काचेतून बघितलं. बोगद्यातून मास्तरांची पावलंच तेवढी बाहेर दिसत होती, पायमोज्यांत, अंगठे एकमेकांना लावलेले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मग त्या म्हणाल्या, चालेल, पण मी नाही, ही सांगेल.

मिलिमीटरने नियम ठरवले. मास्तरांना माइकवरून कळवलं की गोष्ट मिळेल, पण ठोकणं चालू असताना बोलायचं नाही, गिळायचं नाही आणि मुख्य म्हणजे हसायचं नाही. मास्तर म्हणाले, हसण्यासारखं त्यात काय आहे, माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अपमान आहे तो. धाकटीला तिने सांगितलं की अर्धं मिनिट बोलायचं आणि माझा हात वर झाला की थांबायचं. अर्धं मिनिट ऐकून धाकटीला अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढ्यात तिची प्रस्तावनासुद्धा होत नसे. तरी ती माइकजवळ सरकली.

त्या संध्याकाळी, ती म्हणाली, बाबा बाहेर गेले. ताईने कोट मांडीवर घेतला. दाराला कडी लावली. आणि तिच्या हातात होतं—

हात वर.

"ब्लेड," धाकटीला राहवलं नाही.

दुसरा फोटो सुरू झाला. तीन मिनिटं वीस सेकंद. धाकटी म्हणाली की हा अन्याय आहे, माणसाचं तोंड असं मधेच बंद करणं आरोग्याला बरं नसतं. मिलिमीटर पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली की आत पडलेल्या माणसाला अधिक त्रास होतोय. फोटो पहिल्यापेक्षाही स्वच्छ येत होता.

ठोकणं थांबताच घंटी वाजली. मास्तरांनी तीन मिनिटं विचार करून निष्कर्ष काढला होता. ब्लेड म्हणजे सुटे धागे कापायला घेतलं असणार. तिला पहिल्यापासून टापटीप लागते. काकूंनी पदरात तोंड लपवलं.

पुढचा तुकडा बाबांचा होता. दुसऱ्या दिवशी बाबांच्या ऑफिसात साहेबांचा निरोपसमारंभ. बाबा तपकिरी कोट घालून गेले, भाषणाला उभे राहिले आणि "साहेबांची उंची आम्हाला कधीच गाठता आली नाही" असं म्हणत त्यांनी हात वर केला. उजवी बाही खांद्यातून सुटली आणि कोपरापर्यंत खाली आली. बाबा भाषण थांबवणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी डाव्या हाताने बाही वर धरली आणि राहिलेली अकरा मिनिटं तसेच बोलले. साहेबांना वाटलं, भावनेच्या भरात छातीवर हात ठेवलाय, आणि साहेब रडले.

हात वर. तिसरा फोटो सुरू झाला, आणि पहिल्या मिनिटातच मिलिमीटरने कपाळाला हात लावला. पडद्यावर मास्तरांच्या मानेभोवती लाटा उठल्या होत्या, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा, गळ्यापासून मणक्यापर्यंत, एकामागून एक. एकोणीस वर्षांत तिने खोकला बघितला होता, उचकी बघितली होती, एकदा शिंकही. हसू ती पहिल्यांदा बघत होती. मऊ कडांचं, नियमित अंतरावर येणारं, आणि ते चार मिनिटं दहा सेकंद थांबलंच नाही. फोटो टाकून द्यावा लागला.

मास्तर वरमले. सासरे कोट तोंडावर फेकून गेले होते एवढंच त्यांना माहीत होतं, भाषणाचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आता नाही हसणार, ते म्हणाले, परत घ्या. मिलिमीटरने परत घेतला, आणि पुन्हा सगळं बिघडू नये म्हणून गोष्टीशिवाय घेतला. मास्तर चार मिनिटं दहा सेकंद नुसत्या आशेवर पडून राहिले. लाटा आल्या नाहीत. त्यानंतर चौथ्या फोटोआधी धाकटीने वडिलांचा संताप सांगितला, शेजाऱ्यांनी मधे पडून तो कसा वाढवला ते सांगितलं, आणि मास्तरांनी दुहेरी शिलाई घालून कोट परत पाठवला इथे ती थांबली. "आणि ताईने परत कडी लावली," ती म्हणाली. चौथा फोटोही झाला.

आता एकच राहिला होता. चार मिनिटं चाळीस सेकंद, मानेचे आडवे काप. सर्जनला खरा हवा होता तो हाच. कोणती नस आणि किती दबलीय हे यातच दिसणार होतं. मिलिमीटरने हे सांगितलं आणि धाकटीला खूण केली. धाकटीने तोंड उघडलं, पण काकू उठून पुढे आल्या होत्या. त्या माइकच्या इतक्या जवळ आल्या की त्यांचा श्वास आत ऐकू गेला असणार.

"अहो, ती बाही मी उसवली होती. दोन्ही वेळा. परत दुकानात यायला मिळावं म्हणून."

काकू थांबल्या नाहीत. तिसऱ्या वेळी मास्तरांनी तिहेरी शिलाई घातली, ती उसवताना ब्लेडच मोडलं, आणि मग दुसरं निमित्त उरलं नाही म्हणून त्या नुसत्याच गेल्या आणि शिलाई टिकली एवढं सांगून आल्या. मास्तर हे आजवर दुकानातल्या प्रत्येक कारागिराला डोळ्यांत पाणी आणून सांगत: केवळ शिलाई टिकली हे सांगायला एक गिऱ्हाईक आलं होतं, आणि त्या दिवसापासून मी एकेरी टाका घातला नाही.

काचेतून दिसणाऱ्या पावलांचे अंगठे घट्ट आवळले गेले होते.

"मला बाहेर काढा," मास्तर म्हणाले.

धाकटीने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. मिलिमीटरचा हात टेबलाच्या बटणाकडे गेला, कारण पेशंट बाहेर काढा म्हणाला की काढायचं, त्यात दुसरा विचार नसतो. समोर कार्ड पडलं होतं. तिने त्यावर नजर टाकली आणि त्यात उपयोगाचं एकही वाक्य दिसेना, तेव्हा तिने ते उलटं केलं.

"काढते, मास्तर," ती म्हणाली. "माझा हात बटणावरच आहे. फक्त आधी आहे ते सांगते. चार फोटो छान झालेत. पाचवा नसेल तर सर्जनला गुरुवारी काही करता येणार नाही. बाहेर काढलं की मान हलणार, मग पहिल्यापासून घ्यावं लागेल, आणि गोष्ट तर संपली, त्यामुळे तुम्ही परत आत जाणार नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. भांडण काय, पाच मिनिटांनीही तेवढंच ताजं राहील. हवी तर ही खोली देते. आता तुम्ही म्हणाल तसं."

एवढी वाक्यं ती एका दमात कधी बोलली नव्हती. तिचं तिलाच दम लागल्यासारखं झालं.

"ती काय करतेय? आरशात नुसता पदर दिसतोय," मास्तरांनी विचारलं.

मिलिमीटरने वळून बघितलं. "रडताहेत."

"का? उसवली तिने. रडायचं मी."

काकूंनी नाक पुसलं. त्या म्हणाल्या की डॉक्टरांनी सांगितलं ना, वाकून वाकून मान गेली. प्रत्येक शिवण तीनदा. एकाच्या जागी तीन तास. माझ्या त्या ब्लेडपायी एकतीस वर्षं तुम्ही तिप्पट वाकलात, आणि आता बोटात सुई गेलेली कळत नाही. चार महिने मला घास गिळवत नाहीय.

मिलिमीटरचा हात बटणावर होता. तिने सेकंद मोजले नाहीत.

"करा सुरू," मास्तर म्हणाले. "आणि तिला सांगा, रडणं थांबव. इथे कानात येतं. माझी मान हलेल."

काकूंनी पदराचा बोळा तोंडात धरला. पाचवा फोटो सुरू झाला. काप एकेक करून पडद्यावर उतरू लागले, वरून खाली, पाव हातभर मानेचे अठ्ठावीस. लाट नाही, सावली नाही. सोळाव्या कापात मिलिमीटरला ते दिसलं: दोन मणक्यांमधली चकती मागे सरकून उजव्या नसेवर अशी बसली होती, की जणू गर्दीत कोणी कोणाच्या पायावर पाय देऊन उभं आहे. जागा नेमकी होती आणि नस अजून जिवंत दिसत होती. निदान करणं तिचं काम नव्हतं, म्हणून ती बोलली नाही. पण तिने खुर्ची पुढे ओढली, आणि काकूंनी ते बघितलं. शेवटच्या मिनिटात मास्तरांच्या पायांची बोटं इतकी थरथरत होती, की रागाने माणूस आत फुटणार असं धाकटीला वाटलं. पायमोजे हलत होते आणि मान जागची ढळत नव्हती.

ठोकणं थांबलं. "झालं," मिलिमीटर म्हणाली. तिने फोटो सर्जनकडे पाठवले आणि आत धावली.

टेबल बाहेर आलं. पिंजरा काढला. मास्तरांचा चेहरा लालबुंद होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तोंड उघडलं तेव्हा त्यातून बाहेर पडलं ते हसू होतं. चार मिनिटं चाळीस सेकंद दाबून ठेवलेलं. टेबल हललं, झग्याची शिवण खांद्यात फाटली, त्यावर ते आणखी हसले. मिलिमीटरने त्यांना उठून बसायला हात दिला आणि श्वास पुरतोय का बघितलं.

"म्हणजे मॅडम," त्यांना नीट बोलता येईना, "म्हणजे माझी शिलाई कधी उसवलीच नव्हती."

"नाही," मिलिमीटर म्हणाली.

"पहिलीसुद्धा टिकली असती. एकेरी. नवखा होतो मी तेव्हा, तेवीस वर्षांचा. एकेरीसुद्धा टिकली असती." त्यांनी बधिर हाताने मांडीवर थाप मारली. "आणि मी तोंड लपवून हिंडलो."

दारात काकू उभ्या होत्या. गुडघ्यामुळे त्यांना उंबऱ्याच्या आत यायला बंदी होती. मास्तर उतरले आणि झगा धरून त्यांच्यापर्यंत चालत गेले. धाकटी दोन पावलं मागे सरकली आणि ऐकू येईल अशा अंतरावर थांबली.

"आणखी काय काय उसवलंस?" मास्तरांनी विचारलं.

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, त्यांच्या ओल्या गालांकडे, फाटक्या झग्याकडे, आणि त्यांना कळलं की संसार जागच्या जागी आहे. त्यांनी झग्याचा सुटलेला खांदा नीट केला.

"गुरुवारी शुद्धीवर या," त्या म्हणाल्या, "मग सांगते."

आतला फोन वाजत होता. सर्जन होते. फोटो पुरेसे आहेत, ते म्हणाले, पुरेसे काय, उत्तम आहेत, गुरुवारी सकाळी पहिला नंबर. आणि मागे हा आवाज कसला येतोय, कोणाला काही झालंय का, असं त्यांनी विचारलं. मास्तर बाहेरच्या बाकांपाशी पोचले होते. झग्यातच, पायमोज्यांत, ते ओळखीच्या नसलेल्या माणसांना सांगत होते की एकेरीसुद्धा टिकली असती. कपडे घेऊन काकू मागे, आणि काकूंच्या मागे धाकटी, जी आता कोणी हात वर करणार नाही हे बघून गोष्ट पहिल्यापासून सुरू करत होती.

बाकावर पुढचा पेशंट होता, गुडघ्याचा, हातात कागद घट्ट धरून. त्याने मास्तरांना बघितलं, रडून लाल झालेल्या काकूंना बघितलं, मग दारातल्या मिलिमीटरला विचारलं की आत माणसांना नक्की काय करतात.

मिलिमीटरने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला हसू फुटलं. ती चौकटीला धरून हसली, कार्डाने तोंड झाकून हसली, त्याला बसा अशी खूण करायला गेली तर खुणेतही हसली. पेशंट थांबून राहिला. बोलता येईल एवढा श्वास जमवायला तिला पूर्ण बावीस सेकंद लागले.